चार नंबर उभी आहे

आमच्या कंपनीच्या तिमाही निकालात 'पुढील वाटचाल' नावाचा एक परिच्छेद असतो. तो मी लिहिते. गेली कित्येक वर्षं लिहिते आहे, आणि त्यात एकदाही खोटं लिहिलेलं नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. खरं लिहिलंय असं मात्र सांगता येणार नाही. त्या परिच्छेदाची भाषाच वेगळी. काम मिळालं नाही तर 'काही निविदा अंतिम टप्प्यात आहेत'. मिळालेलं काम हातचं गेलं तर 'ग्राहकाने वेळापत्रकाचा फेरविचार केला'. आणि सगळीकडूनच बोंब असेल तर 'दीर्घकालीन चित्र आशादायक आहे', कारण दीर्घकाळ नक्की कधी येतो हे अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

आमची कंपनी तेल काढत नाही. लोकांना तसं वाटतं, नातेवाइकांना तर फारच वाटतं. लग्नकार्यात कुणीतरी हमखास कोपरानं ढोसून म्हणतं, तेलवाल्यांचं काय बाई, चांदीच चांदी. पण तेल आमचं नसतं, वायू आमचा नसतो, जमीनही आमची नसते. तेल कंपनी सांगेल तिथं जाऊन आम्ही भोक पाडून देतो आणि रोजाच्या दरानं भाडं घेतो, इतकाच आमचा धंदा. भोक पाडायचं यंत्र म्हणजे रिग. उंच लोखंडी मनोरा, इंजिनं, पंप, पाइपांच्या राशी, माणसांना राहायच्या खोल्या, असा सगळा संसार त्यात आला. रिग चालली तर भाडं येतं. उभी राहिली तर खाते.

आमच्याकडे सहा रिगा. दोन, तीन आणि सहा नंबर चालू, पण भाडं असं की सांगायला लाज वाटावी. करार संपला की तेल कंपनी म्हणते, दर कमी करा नाहीतर दुसरा बघतो. आम्ही कमी करतो, कारण दुसरा खरंच दाराशी उभा असतो, आमच्याहून भुकेला. तीन नंबरचा करार पुढच्या तिमाहीत संपतोय आणि पुढं काय हे देवाला ठाऊक. एक आणि पाच नंबर 'थंड' आहेत, म्हणजे कुलूप लावून, माणसं घरी पाठवून ठेवल्यात. थंड रिगेतून आज एक पंप न्यायचा, उद्या एक मोटर, असं चालतं. एकदा थंड झालेली रिग पुन्हा उठलेली मी पाहिलेली नाही.

राहता राहिली चार नंबर. ती 'गरम' होती. काम नव्हतं, पण मोजकी माणसं ठेवलेली. रोज सकाळी इंजिनं सुरू करायची, पंप फिरवायचे, तेलपाणी करायचं, म्हणजे उद्या हाक आली तर ती निघायला तयार. अशी हाकेची वाट बघत ती आमच्या यार्डात उभी होती आणि तिचा मॅनेजर होता माझा दादा.

आमच्या वित्तप्रमुखांना ऑफिसात सगळे सूर्यफूल म्हणतात. उजेड दिसेल तिकडे तोंड. माणूस वाईट नाही. त्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "चार नंबर भंगारात. संचालकांची बैठक येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. तोटा याच तिमाहीत दाखवून टाकू, म्हणजे पुढचं वर्ष स्वच्छ."

"माणसं?"

"माणसांचं निकालानंतर बघू." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझा भाऊ आहे तिथं, मला माहीत आहे. म्हणून तर तुला जास्त सांभाळून राहायला हवं. निकालापर्यंत एक शब्द नाही. घरातसुद्धा नाही."

हा आमचा नियमच आहे. निकाल जाहीर होईपर्यंत आतल्या माणसानं बाहेर अवाक्षर काढायचं नाही. नियम चांगला आहे. कुणाच्या मेहुण्यानं आधीच शेअर विकून मोकळं होऊ नये म्हणून केलेला. दादाकडे आमच्या कंपनीचा एक शेअर नाही, कुठल्याच कंपनीचा नाही. पण नियमाला भाऊ आणि मेहुणा यांतला फरक कळत नाही. शिवाय मी सही केलेली आहे, दरवर्षी करते, आणि नियम मोडला तर माझी नोकरी तर जाईलच, वर चौकशी लागेल. मी मान हलवून बाहेर आले. दमले होते. हल्ली मी वाईट बातमीनं रडत नाही, दमते.

रविवारी सकाळी वहिनी आली. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, वहिनीचा गुडघा दुखरा, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर ती कठड्याला धरून उभी, तोंड लाल. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली, पर्समधून रुमाल काढून मान पुसली. एका दातांच्या दवाखान्यात ती पेशंटच्या वेळा लावायचं काम करते, त्यामुळे तिला आडवळणानं बोलता येत नाही.

"चिंगे, तुझ्या दादाला नोकरी आली आहे."

मला घरात सगळे चिंगी म्हणतात. पन्नाशी उलटली तरी चिंगीच.

दुसऱ्या एका लहानशा कंपनीकडून आली होती. जमिनीतली उष्णता वापरण्यासाठी खोल विहिरी पाडणारी कंपनी. पगार थोडा कमी, गाव लांब, पण कामं पुढच्या काही वर्षांची बांधलेली. त्यांना शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही हवं होतं.

"मग अडलंय कुठं?"

"अडलंय त्या तुमच्या चार नंबरवर! म्हणतात, तिला काम लागणार असेल तर मी तिला सोडून कसा जाऊ. बायको असल्यासारखं बोलतात हो तिच्याबद्दल. मी म्हटलं, मला सोडून महिना महिना जात होतात तेव्हा नाही बरं असा जीव तुटला." ती हसली, पण लगेच थांबली. "चिंगे, या वयात त्यांना परत कुणी विचारणार नाही. हे गेलं की गेलं. तू तिथं वर बसतेस, तुला माहीत असतं. मला आकडे नकोत, कारणं नकोत. चार नंबरला काम लागणार आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हण."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. मी म्हणाले, "वहिनी, निकाल लागेपर्यंत मला बोलता येत नाही."

"मी काय पेपरात छापणार आहे?"

"तसं नाही गं. मला विचारूच नकोस. त्याला म्हणावं जा. एवढंच."

"एवढं तर मी रोज म्हणते. त्यांना कारण लागतं. आहे काही कारण?"

मी मूग गिळून बसले. हो म्हणणं खोटं झालं असतं, नाही म्हणणं गुन्हा झाला असता, आणि गप्प बसणं हे मला त्यातल्या त्यात सभ्य वाटलं. वहिनीनं रुमाल पर्समध्ये टाकला. मग पर्स उचलून उठली.

"येते वन्सं. तुमचं चालू द्या."

वन्सं म्हणाली आणि तुमचं म्हणाली म्हणजे खूप दुखावली. तिला जिने उतरायला हात द्यायला गेले तर तिनं कठडाच धरला.

मंगळवारी मला यार्डात जायचं होतंच. दर तिमाहीला ऑडिटरबरोबर जाऊन सामान जागेवर आहे का ते बघावं लागतं. ऑडिटरला सर्दी झालेली, तो गोदामात शिरला आणि तिथंच रमला. मी चार नंबरकडे गेले.

यार्डाच्या टोकाला ती उभी होती. शेजारी एक आणि पाच नंबर आडव्या पडलेल्या, गंज चढलेल्या, मधून मधून सामान काढून नेल्यामुळे दात पडल्यासारख्या. चार नंबर मात्र लख्ख. पायऱ्यांना नवा पिवळा रंग, होजपाइप गुंडाळून जागच्या जागी, इंजिनांचा एकसुरी आवाज. दादानं मला लांबूनच पाहिलं आणि हेल्मेट काढून हलवलं. हातमोजे खिशात खुपसत खाली आला.

"आल्या आल्या, हिशेबवाल्या बाई आल्या. चहा घेणार का आधी मोजणार?"

त्याच्या ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बसून आम्ही चहा घेतला. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता, आणि खिडकीतून समोर मनोरा. मनोऱ्यात वर टॉप ड्राइव्ह लटकत होता. टॉप ड्राइव्ह म्हणजे पाइप फिरवणारी मोठी मोटर, रिगेतला सगळ्यात महागाचा भाग. दादानं त्याला ताडपत्रीचा अंगरखा शिवून घातला होता.

त्या टॉप ड्राइव्हवर सहा नंबरवाल्यांचा डोळा होता. त्यांचा जुना झालेला, रोज काहीतरी मोडायचं. दोन तिमाह्यांपूर्वी त्यांनी मागणी केली होती की चार नंबरचा आम्हाला द्या. मागणी मंजूर करणं माझ्याकडे होतं. काम चालू असलेल्या रिगेला उभ्या रिगेचा भाग द्यायचा, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी सही केली नव्हती. आधी म्हणाले अंदाजपत्रक येऊ दे, मग म्हणाले वर्षअखेर होऊ दे. खरं कारण असं की टॉप ड्राइव्ह उतरवला की रिग संपली, हे धंद्यात पोरासोराला माहीत आहे. सहीसाठी हात उचलला की मला त्या ताडपत्रीचा अंगरखा दिसायचा. करवायची नाही. बस, दुसरं काही नाही.

"सहावाले काल परत आले होते बोंबलत," दादा बशीत चहा ओतत म्हणाला. "मी म्हटलं, माझ्याकडे काय येता, वरून मंजुरी आणा. तू कागद दाबून बसली आहेस ना? बस. बरं करतेस." आणि डोळा मिचकावला.

मला वाटलं आभार मानतोय. मी कपाकडे बघत राहिले.

बहिणीनं कागद दाबून ठेवावा याचं त्याला बरं वाटलं, आणि मला त्याला बरं वाटल्याचं बरं वाटलं. माणूस किती थोडक्यात खूश होतो.

"दादा, वहिनी आली होती रविवारी."

"कळलं. बोलत नाही ती तुझ्याशी म्हणे."

"ती नोकरी घे ना. जा. हवापालट होईल. इथं रोज नुसती इंजिनं गरम करत बसण्यापेक्षा..."

"पढवून पाठवलेलं दिसतंय," तो हसला. "अगदी हवापालटसुद्धा तिचाच शब्द."

"मी माझं म्हणून सांगते."

"बरं बरं." त्यानं कप खाली ठेवला. चार नंबरबद्दल त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. बैठक कधी, निविदांचं काय झालं, काही नाही. मला माहीत होतं की माझी अडचण होऊ नये म्हणून विचारत नाहीये. त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं, आणि गाडीत बसल्यावर इतका संताप आला की ऑडिटरनं खिडकी बंद करा म्हटल्यावर मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याला सर्दी होती.

मी नोकरीला नवी होते तेव्हा दादानं मला चालू रिगेवर नेलं होतं. पाइपातून खाली चिखल सोडतात, त्याला हे लोक मड म्हणतात. तो खालपर्यंत जातो आणि दगडाचा चुरा घेऊन वर येतो, चाळणीवर पडतो. दादा चाळणीशी उभा राहून तो चुरा बोटांनी चोळून बघत होता. इंजिनांच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला होता, "खाली काय चाललंय ते इथं कुणाला दिसत नाही, चिंगे. वर काय येतं त्यावरून ओळखायचं. आणि चिखल परत आलाच नाही, तर समजायचं खाली भगदाड पडलंय. मग वाट बघत बसायचं नाही." मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता. माझा भाऊ न दिसणाऱ्या गोष्टी ओळखतो, असं मी मैत्रिणींना सांगत असे.

गुरुवारी सूर्यफूल आणि मी परिच्छेद पक्का करायला बसलो. 'चार क्रमांकाच्या रिगेचे मूल्य पूर्णतः निर्लेखित करण्यात आले आहे,' म्हणजे किंमत शून्य, असं मी लिहिलं होतं. त्यांना ते टोचलं. "असं अंगावर येणारं नको. 'ताफ्याचे सुसूत्रीकरण' लिही." मी सुसूत्रीकरण लिहिलं. मग 'दर तळाला पोहोचल्याची चिन्हे' त्यांनी स्वतः घातलं. मी म्हणाले, गेल्या तिमाहीतही तळच होता. ते म्हणाले, "आपण खोदणारे लोक, आपला तळ खाली सरकणारच की." स्वतःच्या विनोदावर हसले, मग चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमले होते. कर्जाचं व्याज, बँकवाल्यांचे फोन, वर अध्यक्ष. सूर्यफुलालाही रात्र असतेच.

"साहेब, चारच्या माणसांना निदान इशारा तरी..."

"सोमवारी. आता तीनच दिवस." मग त्यांना एकदम आठवलं. "आणि ते सहा नंबरचं टॉप ड्राइव्हचं काय अडकलंय तुझ्याकडे? ते दे ना सोडून. ते काही गुपित नाही, रोजचं काम आहे."

मी एकदम जागी झाले. खरंच की, ती मंजुरी रोजचं काम होती. तिच्यावर सही करायला मला कुणाची मनाई नव्हती, उलट वरिष्ठ सांगत होते. आणि ती सही दादापर्यंत पोचली की त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मनोऱ्यातला टॉप ड्राइव्ह जातो म्हटल्यावर त्याला सगळं कळलं असतं. शुक्रवारच्या आत कळलं असतं. नियम शाबूत, नोकरी शाबूत आणि दादाही सुटला. इतके दिवस हे आपल्याला सुचू नये, याबद्दल मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

जागेवर येऊन सही केली. एका क्षणाचं काम. सहावाले टपूनच बसले होते, तासाभरात त्यांचा निरोप आला की क्रेन सकाळी पोचते. त्या संध्याकाळी मी जेवले आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले. वहिनीचा रुसवा काढायला काय न्यावं, याचा विचार करत झोपले.

शुक्रवारी सकाळी रजा टाकून यार्डात गेले. त्याला वाईट वाटलं असणार, जवळ असावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर थोडं श्रेय घ्यावं म्हणूनही.

क्रेन आली होती. चार नंबरची इंजिनं बंद होती आणि ती शांतता मला दारातच जाणवली. दादा मनोऱ्याखाली उभा राहून वर बघत होता. ताडपत्रीचा अंगरखा काढून, घडी घालून त्यानं अवजारांच्या पेटीवर ठेवला होता.

"आलीस? पाहिली तुझी सही. वळण अजून छान आहे."

"दादा, बोलता येत नव्हतं मला."

"माहीत आहे गं."

"पण आता तुला कळलंय ना? मग त्या लोकांना कळव. आज शुक्रवार आहे. आत्ता फोन कर, माझ्यासमोर कर."

 त्यानं हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"कळवलं त्यांना."

"हो म्हणालास?"

"नाही म्हणालो. मंगळवारीच. तू इथून गेलीस ना, त्याच दुपारी."

मला वाटलं मी नीट समजले नाही. मी विचारलं, "मंगळवारी का? शुक्रवारपर्यंत वेळ होता की."

"लोकांना उगाच लटकवून ठेवू नये." तो पेटीवर बसला, घडीच्या बाजूला. "चिंगे, सहा नंबर कधीही बंद पडेल अशी अवस्था. चालती रिग, भाडं देणारी. आणि तू दोन तिमाह्या कागद दाबून ठेवलास. तू हिशेबाची पक्की. पाच रुपयांसाठी भाजीवाल्याशी भांडतेस. मी म्हटलं, ही चालत्या रिगेचं नुकसान उगाच सोसेल का? म्हणजे हिला माहीत आहे, चारसाठी काहीतरी येतंय. हिला बोलता येत नाही, म्हणून ही न बोलता सांगतेय. मंगळवारी तुला म्हटलं ना, बरं करतेस. तू नुसती कपाकडे बघत बसलीस. माझं नक्की झालं."

"मी तुला जा म्हणाले होते रे!"

"ते तर तुझ्या वहिनीचं होतं. तुझ्या तोंडून आलं इतकंच."

"ते माझं होतं, दादा."

"काल सही बघितली आणि लगेच त्यांना फोन लावला," तो म्हणाला. "भले लोक आहेत. म्हणाले, बुधवारीच दुसऱ्याला पत्र दिलं."

 पेटीच्या दुसऱ्या टोकाला मी टेकले. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं. त्याच्यावर ओरडणार तर तो माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता. सूर्यफुलावर ओरडणार तर त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मला सही करवत नव्हती रे. तू अंगरखा शिवून घातला होतास त्याला. तेवढंच कारण होतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नव्हता, नुसता म्हातारा दिसत होता.

"मीच तुला शिकवलं होतं ना," तो म्हणाला, "परत काही आलं नाही की खाली भगदाड असतं म्हणून. बाहेरच्यांच्या विहिरीत बरोबर ओळखायचो. घरच्या माणसाचं म्हटल्यावर उलटं धरलं." मग उगाचच हसला. "तेलही गेलं, तूपही गेलं. आणि धुपाटणं निघालं सहा नंबरवर."

क्रेनवाल्यानं हाक मारली. दादा उठला, हेल्मेट घातलं. "मी वर असतो. दुसऱ्या कुणाच्या हातून उतरवायचा नाही तो." पिवळ्या पायऱ्यांवरून तो चढत गेला, कठड्याला न धरता, पायाखालची रोजची वाट असल्यासारखा. मी पेटीवर बसून राहिले. सोमवारी निकाल लागणार होता. मंगळवारी कुणीतरी पेपरात वाचून म्हणणार होतं की कंपनीनं ताफ्याचं सुसूत्रीकरण केलं, बरं केलं.

ताडपत्रीच्या घडीखाली दादाचा फोन वाजायला लागला. वर तो हातांनी क्रेनला खुणा करत होता, त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. पडद्यावर वहिनी. मी उचलला.

"अहो, कळवलंत का त्यांना? शुक्रवार आहे, विसरू नका हं." मागे दवाखान्यातल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. "मी सकाळी माळ्यावरच्या दोन्ही बॅगा काढून पुसून ठेवल्यात. आता नाही म्हणायचं नाही. ऐकताय ना?"

"वहिनी, मी बोलतेय. चिंगी."

 "तू? तू तिथं काय करतेस? ऑफिस नाही?"

"दादानं त्यांना नाही म्हणून कळवलं, वहिनी. मंगळवारीच."

घरघर थांबली. मग एक दार लोटल्याचा आवाज आला, ती बाहेर आली असावी. मी शिव्यांची वाट बघत होते. रडण्याची वाट बघत होते. पण वहिनीचा आवाज आला तो हलका, जपून, हसू दाबल्यासारखा. रविवारपासूनचा रुसवा त्यात कुठंच नव्हता.

"म्हणजे लागलं तर काम! अगं, मग तेव्हाच नाही का सांगायचं, मी उगाच तुला बोलले. बोलता येत नव्हतं तुला, कळतंय मला आता. आता तर सांगशील? चार नंबरला काम लागलं ना?"

वर टॉप ड्राइव्ह मनोऱ्यापासून सुटला आणि साखळदंडावर सावकाश फिरला. दादानं एक हात त्याच्यावर ठेवला होता.

"नाही," मी म्हणाले.